तीन ओढ्यांचा गाळ

१

संकप्पा पूजारी बुडून मेला हे अडेमार गावात कुणाला खरं वाटलं नाही, आणि तरी तासाभरात सगळ्यांनी ते मान्यही करून टाकलं.

एकवीस वर्षं तो बंधाऱ्याच्या त्या पायऱ्या उतरत होता. रोज सकाळी सातला खाली जायचं, पाण्यातल्या पट्टीवर नदी किती चढली ते बघायचं, वहीत टिपायचं, हे त्याचं सरकारी काम. दोन वर्षांपासून त्यात आणखी एका कामाची भर पडली होती. लिटरभराची एक बाटली नदीच्या पाण्यानं भरायची, वर तारीख-वेळ घालायची आणि पंपघराच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडायची. ही बाटली वारिजा आळ्वसाठी असे. ती मंगळूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची आणि दर महिन्याच्या तीन तारखेला येऊन बाटल्या घेऊन जायची.

ऑगस्टच्या तीन तारखेला ती आली तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि बंधाऱ्यावर गर्दी होती. संकप्पाला नुकतंच डोहातून बाहेर काढलं होतं. डोक्याला मागच्या बाजूला खोक होती. बायको अप्पी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"सकाळी सकाळी लावली असणार," मागून कुणीतरी म्हणालं. "शेवाळावर पाय घसरला."

अप्पीनं तेवढ्यासाठी मान वर केली. "सात वर्षांत थेंब घेतला नाही त्यानं. लेकीच्या लग्नात गावदैव पंजुर्लीसमोर शब्द दिला होता. माझ्यासमोर नाही, दैवासमोर."

त्यानं लोकांचं मत काही बदललं नाही.

उपनिरीक्षक बसनगौडा छत्री धरून उभे होते. बागलकोटकडचा माणूस, इथं येऊन दोन पावसाळे झाले होते आणि दोन्ही त्यांना मानवले नव्हते. "मॅडम, तुमचाच माणूस ना हा? वाईट झालं. आमच्याकडे वर्षात पडतो तेवढा पाऊस इथं चहा गाळेपर्यंत पडतो. माणूस घसरणार नाही तर काय."

वारिजा तशीच वळली. ती पंपघरात गेली. बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. शेवटच्या बाटलीवर संकप्पाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ३ ऑगस्ट, सकाळी ७. पाणी अजून गढूळ होतं, गाळ खाली बसला नव्हता.

ती बाहेर आली. "सर, आजची बाटली फळीवर आहे."

"मग?"

"म्हणजे तो खाली उतरला, पाणी भरलं, पायऱ्या चढून वर आला, बाटली ठेवली. त्याचं खालचं काम संपलं होतं. मग तो परत खाली कशाला गेला?"

बसनगौडांनी छत्री मिटली. पाऊस चालूच होता.

२

नऊ दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. बंधारा गाळानं भरत चालला होता, गावच्या नळाला चहासारखं पाणी येत होतं, आणि कुणाच्या मातीनं हे होतंय याचा निकाल लागायचा होता. नदीला वरून तीन ओढे मिळतात. पूर्वेच्या ओढ्यावर वर्कीचा रबराचा मळा, मधल्या ओढ्यावर भोजराज हेग्डेंची काळ्या दगडाची खाण आणि खडीचं यंत्र, आणि पश्चिमेचा ओढा जुन्या सुपारीच्या बागांतून येणारा, ज्याला सगळं गाव स्वच्छ ओढा म्हणे. माती कुठली, हे त्या बाटल्या सांगणार होत्या.

"म्हणजे बाटल्यांची भीती दोघांना," बसनगौडा म्हणाले. "चला, दोघांनाही भेटू. तुम्ही सोबत असलात तर मला मातीतलं काही कळेल."

हेग्डे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. वारिजाला बघून त्यांनी चष्मा काढला. "आळ्वांच्या घरातली मुलगी चिखलाच्या बाटल्या गोळा करत फिरते. तुझ्या मामानं बघितलं असतं तर काय म्हणाला असता?"

"मामांनी बाटल्या उचलायला मदत केली असती," वारिजा म्हणाली. "संकप्पाला तुम्ही गेल्या महिन्यात दम दिला होता?"

"दिला होता. म्हटलं, माझ्या खाणीच्या तोंडाशी बाटली घेऊन पुन्हा दिसलास तर तंगडं मोडीन. सहा वर्षं खाण चालवतोय, सहा वर्षं हेच ऐकतोय. पण तंगडं मोडीन म्हणणारा डोकं फोडत नाही, साहेब. ज्याला फोडायचं असतं तो आधी सांगत नाही."

वर्कीचेट्टन, म्हणजे वर्कीदादा, डोंगरावर होता. साठीचा, केरळातून चाळीस वर्षांपूर्वी आलेला, आणि गावाच्या लेखी अजूनही परवाच आलेला. धुराच्या खोलीत रबराच्या पट्ट्या वाळत होत्या. त्यानं दोघांपुढे कप्प्याचा उकडलेला कंद आणि काळी कॉफी ठेवली.

"संकप्पा माझ्याकडे यायचा, टीचर. बसायचा इथंच. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय हे तोच सांगायचा, आणि कप्पा खायचा." तो हसला नाही. "एप्रिलमध्ये मी जुनं रान जाळलं, ती चूक झाली. काळी उघडी जमीन पावसाच्या पहिल्या महिन्यात वाहिली. पण वाफे मजुरांनी हातानं काढलेत. यंत्र या डोंगरावर चढलेलं नाही, चढणारही नाही, रस्ताच नाही."

उतरताना त्यांनी केदिलाय मास्तरांकडे वाट वाकडी केली. अनंतराम केदिलाय. बंधारा बचाव समितीचे अध्यक्ष, तालुक्यातल्या अर्ध्या माणसांचे विज्ञानाचे मास्तर, वारिजाचेही. पंधरा वर्षं त्यांनी या नदीसाठी अर्ज केले, उपास केले, मंत्र्याच्या गाडीपुढे आडवे झाले. बाटल्यांचं काम वारिजानं घेतलं तेही त्यांच्याच शब्दाखातर.

मास्तर खचलेले दिसत होते. दाढी वाढली होती. "संकप्पा गेला म्हणजे माझा उजवा हात गेला," ते म्हणाले. "बाटल्या नीट आहेत ना? मी त्या खोलीत आजवर पाऊल टाकलेलं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की तक्रार करणाऱ्यानंच पुरावा हाताळला."

"नीट आहेत, मास्तर."

"मग वेळ घालवू नकोस. जुन्या बाटल्यांत काही नाही. बारा जुलैपासूनच्या बघ. त्या दिवसापासून खरा गाळ सुरू झाला. वर्कीच्या डोंगरावर काय चाललंय, देव जाणे."

वारिजानं मान हलवली. मास्तर सांगतात म्हणजे अभ्यासातलंच काही सांगत असणार, अशी तिची शाळेपासूनची सवय होती.

३

गाळ वाळवायचा, वजन करायचं, अंगठ्याएवढ्या डबीत भरायचा आणि यंत्राच्या वेटोळ्यात ठेवायचा. यंत्र सांगतं, या मातीत लोहचुंबकाला प्रतिसाद देणारे कण किती. मग तीच डबी दुसऱ्या, जलद कंपनावर पुन्हा मोजायची. आगीत भाजलेल्या वरच्या मातीत हे कण इतके बारीक असतात की जलद कंपनाला ते साथ देत नाहीत आणि आकडा दहा-बारा टक्क्यांनी घसरतो. काळ्या दगडाच्या भुकटीत कण मोठे, तिचा आकडा जवळजवळ हलत नाही. वर्कीचा डोंगर आणि हेग्डेंची खाण, दोघांचाही पहिला आकडा मोठा. दुसरा आकडा दोघांना वेगळं करतो.

जुलैच्या सुरुवातीच्या बाटल्या नेहमीसारख्या निघाल्या. आकडे मधले, घसरण पाच-सहा टक्के, कधी कमी कधी जास्त. बारा तारखेच्या बाटलीवर यंत्राचा आकडा एकदम दुपटीच्या वर गेला. घसरण अकरा टक्के. तेराचीही तशीच. चौदाचीही.

दुपारी बसनगौडांचा फोन आला. "मॅडम, वरून विचारतायत. काही निघालं का?"

"बारा जुलैपासून भाजलेली माती आहे," वारिजा म्हणाली. "रबराच्या डोंगराची."

"नक्की?"

"आकडा नक्की आहे."

एवढंच ती बोलली. संध्याकाळच्या आत वर्कीला ठाण्यात नेलं होतं. बाटल्यांचं बिंग फुटू नये म्हणून त्यानं संकप्पाला ढकललं, असं बसनगौडांनी म्हटलं नव्हतं, पण गावानं ते आपणच पुरं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस जण डोंगरावर गेले आणि त्यांनी वर्कीची धुराची खोली पेटवून दिली. रबर धुमसत राहिलं. त्याचा वास बंधाऱ्यापर्यंत आला. वर्कीच्या म्हाताऱ्या बहिणीला शेजाऱ्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून ती वाचली.

ही बातमी वारिजाला प्रयोगशाळेत कळली. ती खुर्चीवर बसली आणि थोडा वेळ हात पुसत राहिली, ते स्वच्छ असूनही.

टेबलावर एकच डबी उरली होती, तीन ऑगस्टची. त्या बाटलीतला गाळ बसायलाच दोन दिवस लागले होते. आता मोजून काय होणार, असं मनात येऊनही तिनं ती यंत्रात ठेवली.

आकडा आला तो इतका लहान, की तिला वाटलं यंत्र बंद पडलं. तिनं डबी काढली, यंत्र शून्यावर आणलं, पुन्हा ठेवली. तोच आकडा. दोन ऑगस्टच्या बाटलीच्या आकड्याचा सातवा हिस्सा.

एका दिवसात डोंगर हलत नाही.

४

तिनं सगळे आकडे कागदावर ओळीनं लिहिले आणि शेवटचे पुन्हा एकदा मोजले.

बारा जुलै ते दोन ऑगस्ट, बावीस बाटल्या. बावीसही सारख्या. त्या तीन आठवड्यांत नदी दोनदा पूर आणून ओसरली होती. पुरात वरची माती येते, ओसरताना काठ ढासळतात, आकडे खाली-वर व्हायलाच हवेत. हे हलले नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या गाळात दुसऱ्या कुणाचंच काही नव्हतं. खाणीची भुकटी नाही, बागांची माती नाही. तीन ओढ्यांच्या नदीत एकट्याची माती येतच नाही. ही माती नदीनं आणलेली नव्हती. कुणीतरी वर्कीच्या डोंगरावरून एक गोणभर उचलून आणली होती आणि बाटल्यांत कालवली होती.

तिनं एका बाटलीचं झाकण उघडून भिंगाखाली धरलं. आट्यांमध्ये वाळलेल्या मातीची बारीक रेघ होती. आतला गाळ तांबूस काळा, आट्यांतली रेघ फिकट पिवळी. दुसरं झाकण, तिसरं. बावीसही झाकणांत तेच.

तिनं बसनगौडांना फोन लावला. "सर, वर्कीचेट्टनना सोडा. बाटल्या रिकाम्या करून पुन्हा भरल्यात. चूक माझी आहे. मी घाई केली."

मग ते म्हणाले, "मॅडम, काल तुम्ही आकडा नक्की म्हणालात. आज चूक म्हणता. उद्या मी कोर्टात काय सांगू?"

"आकडा अजूनही नक्की आहे. बाटली खोटी आहे. कुणालाच खोटी करता येणार नाही अशी बाटली दाखवते. उद्या बंधाऱ्यावर या."

बंधाऱ्याच्या आडोशाला, पट्टीशेजारी, पाणी थबकतं तिथं गाळाचा थर बसतो. प्रत्येक पुराचा एक पापुद्रा. वारिजा कमरेपर्यंत पाण्यात उतरली, प्लॅस्टिकचा हातभर पाइप गाळात दाबला, वरून बूच मारलं आणि ओढून काढला. पंपघराच्या ओट्यावर तिनं तो उभा चिरला.

बसनगौडा वाकून बघू लागले. खालचा सगळा गाळ तपकिरी होता, कुठं काळसर, कुठं तांबूस. वरची चार बोटं पिवळी होती.

"ही कुठली माती?"

"जांभ्या दगडाखालची शेडी, मऊ चिकणमाती. खोल खणल्याशिवाय ही वर येत नाही. हिच्यात चुंबकाला ओढणारं जवळजवळ काही नाही, म्हणून यंत्र गप्प बसलं." ती हात धुता धुता थांबली. "सर, खाणीची माती काळी. वर्कीचेट्टनची भाजलेली. दोघांकडेही शेडी उघडी पडलेली नाही. बारा जुलैनंतर कुणीतरी तिसऱ्यानं डोंगर खणलाय."

"तिसरा ओढा तर स्वच्छ आहे."

"सगळे म्हणतात तसं. शेवटचं वर जाऊन कुणी बघितलंय?"

५

पश्चिमेच्या ओढ्यानं वर जायला दीड तास लागला. बसनगौडांच्या दोन्ही पोटऱ्यांवर जळवा चिकटल्या होत्या आणि ते प्रत्येक जळू काढताना बदलीच्या अर्जातलं एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत होते.

जुन्या बागांजवळ ओढ्याला दोन प्रवाह मिळत होते आणि बागांतला प्रवाह खरंच नितळ होता. दुसरा, मागच्या खोऱ्यातून येणारा, पिवळा होता. त्याच्या काठानं वारिजा पुढे निघाली. पायाखालची लोण्यासारखी मऊ शेडी घोट्यापर्यंत येऊ लागली.

डोंगराची कड संपली आणि समोर दोन एकरांचं उघडं अंग दिसलं. पायरी पायरीनं कापलेला उतार, जांभ्याचा माथा उडवलेला, खाली पिवळी माती जखमेसारखी सताड. मध्ये एक अर्धवट तळं, त्याचा बांध फुटलेला. वरच्या पायरीवर सुपारीची रोपं लावली होती. निम्मी आडवी झाली होती.

गावाच्या बाजूनं हे दिसणं शक्यच नव्हतं.

पलीकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी खणायचं यंत्र उभं होतं आणि त्याच्या सावलीत चालक जेवत बसला होता. पोलीस बघून त्यानं डबा बाजूला ठेवला.

"कधीपासून काम आहे इथं?" बसनगौडांनी विचारलं.

"बारा जुलै, साहेब. रविवार होता. विसरणार कसं, उघडीप बघून यंत्र चढवलं आणि पहिल्याच दिवशी रुतलं. दोन दिवस अडकून पडलो होतो."

वारिजानं डोळे मिटले. बारा जुलै ही तारीख तिच्या कागदावर आकड्यांनी आणली होती. बाटल्या मोजायच्या आधी ती तिला एकाच माणसानं सांगितली होती.

"जागा कुणाची?" बसनगौडा विचारत होते.

"मास्तरांची," चालक म्हणाला. "म्हणजे बायकोच्या नावावर आहे. बंगळूरचा मुलगा परत येणार, त्याच्यासाठी बाग."

६

मास्तर पडवीत बसले होते. दोघांना बघून ते उठले नाहीत. वारिजाच्या चपलांना लागलेली पिवळी माती त्यांनी बघितली आणि नजर तिथंच ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"उभी राहते, मास्तर." ती सावकाश बोलली. "बावीस बाटल्या बदलल्यात. वर्कीचेट्टन स्वतःच्याच डोंगराची माती त्यात घालणार नाहीत. उरले हेग्डे. पण त्यांची खाण सहा वर्षं चालू आहे. त्यांना लपवायचं असतं तर फळीवरच्या पहिल्या बाटलीपासून सगळ्या बदलाव्या लागल्या असत्या, आणि आधीच्या दोन वर्षांच्या तर माझ्याकडेच आहेत. ज्यानं बदलल्या त्याचा गुन्हा बारा जुलैला सुरू झाला. त्याच्या आधीच्या बाटल्यांची त्याला भीती नव्हती."

मास्तरांनी पाय आत ओढून घेतले.

"आणि तुम्ही मला म्हणालात, बारा जुलैपासूनच्या बघ. वर्कीचेट्टनच्या डोंगरावर बारा जुलैला काहीच झालेलं नाही. ती तारीख मलाही माहीत नव्हती. ती फक्त खणणाऱ्याला माहीत होती."

"मी घाबरलो होतो," मास्तर म्हणाले. "घाबरलेला माणूस जास्त बोलतो. वर्गात तुम्हा मुलांना असाच पकडायचो मी."

बसनगौडा पुढे सरकले. वारिजानं हात आडवा केला. "बाटल्या कधी बदलल्यात?"

"आदल्या दिवशी, रविवारी दुपारी. संकप्पा आणि अप्पी बारशाला गेले होते. पंपघराची किल्ली त्याच्या ओसरीवर खिळ्याला असते, सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांनी पडवीबाहेर बघितलं. "मला खरंच वाटलं नव्हतं, वारिजा. दोन एकर जमीन, म्हटलं त्यानं काय नदी भरणार. मग तळं फुटलं. संकप्पा एक दिवस म्हणाला, मास्तर, बाटल्या पिवळ्या येतायत, मॅडमना दाखवू या. सुनावणीत माझं नाव निघालं असतं. पंधरा वर्षं ज्या नदीसाठी भांडलो तिच्यात माझीच माती."

"म्हणून दुसऱ्याची घातलीत."

"त्याची मातीही येतच होती. मी खोटं काही बनवलं नाही, थोडं वाढवलं, असं स्वतःला सांगत होतो."

"तीन तारखेला काय झालं?"

ओढणीसारखा अंगावर ओढलेला पंचा मास्तरांनी घट्ट केला. "त्यानं सकाळीच ओळखलं. आजची बाटली पिवळी, कालची काळी. आणि बाटल्या पिवळ्या येतायत हे त्यानं फक्त मलाच सांगितलं होतं. मी सात-सव्वासातला फिरायला जातो ते त्याला माहीत होतं. मला हाक मारून खाली पायऱ्यांवर नेलं, म्हणजे वर कुणी ऐकायला नको. माझी अब्रू जाऊ नये म्हणून, समजलं का? म्हणाला, मास्तर, तुम्हीच मॅडमना सांगा, मी सांगायच्या आधी. मी त्याचा दंड धरला. नऊ दिवस गप्प बस म्हटलं. त्यानं हात सोडवला आणि मागे गेला. मागे पायरी नव्हती."

बसनगौडांनी खिशातून वही काढली.

"डोकं दगडावर आपटलं," मास्तर म्हणाले. "पण तो पाण्यात हात मारत होता."

"तुमचा हात पोचला असता?" बसनगौडांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलका झाला होता.

मास्तरांनी वारिजाकडे बघितलं. तिला शाळेतली ती नजर आठवली, उत्तर येत असून मूल गप्प बसलं की ते जसे बघायचे तशी. आज ती उलटी वळली होती.

"पोचला असता," ते म्हणाले.

७

अप्पीला सांगायला वारिजा एकटी गेली. अप्पी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, ऐकताना हात थांबला नाही. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं.

"मास्तरांना वाचवायला खाली नेलं त्यानं?"

"हो."

"गावासमोर बोलला असता तर जिवंत राहिला असता."

अप्पीनं सूप पुन्हा उचललं. "सुनावणीत हे सगळं सांग. दारू नव्हती, हेही. लिहून घ्यायला लाव त्यांना."

तिथून ती पूर्वेच्या डोंगरावर चढली. वर्कीचेट्टन जळक्या खोलीतून वाकलेले पत्रे ओढून काढत होता. ठाण्यात त्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, पण दोन दिवसांत तो पाच वर्षांनी म्हातारा दिसत होता. वारिजा समोर उभी राहिली. वाटेत जुळवलेलं सगळं विसरली.

"माझ्या एका फोननं हे झालं," ती म्हणाली. "मी बाटली कुठून आली ते न बघता आकडा सांगितला."

त्यानं पत्रा खाली ठेवला. "तुझं यंत्र खोटं बोललं का?"

"नाही."

"मग यंत्राची माफी मागू नकोस. तू घाई केलीस. तुझी तेवढी माग."

"मागते."

घरातून त्याची बहीण खोकत होती. "खरं सांग, टीचर. त्या पाइपमध्ये, खालच्या गाळात, माझी माती होती?"

तिला नाही म्हणता आलं असतं. या घडीला, या राखेत उभं राहून, नाही म्हणावं असं तिला फार वाटलं.

"होती. एप्रिलनंतरच्या थरांत तिसरा हिस्सा तुमचा. हेग्डेंचा त्याहून जास्त."

वर्कीनं मान डोलावली. त्यानं उताराकडे बघितलं. जळलेल्या रानात हातभर रोपं उभी होती आणि त्यांच्यामधून पाण्याच्या बारीक घळी खाली गेल्या होत्या.

"लिही ते," तो म्हणाला. "ज्यांनी माझी खोली जाळली त्यांनाही वाचून दाखव. आणि चल, पाणी अडवायला उतारावर आडवा चर कुठून खणायचा ते दाखव मला. यंत्र नाही आणायचं, हातानं खणू. उजेड आहे तोवर दोन तरी होतील."

तिनं पिशवी जळक्या उंबऱ्यावर ठेवली आणि त्याच्या मागोमाग उतारावर गेली.